झोक्यावरचं मेकॅनिक्स

(जळगावात बीएस्सीच्या मुलामुलींपुढे बोललो होतो, तेच थोडं नीट करून लिहितोय.)

नमस्कार मंडळी. एवढ्या उन्हात आलात, बरं वाटलं. फळ्यावर विषय लिहिलाय 'लाग्रांजियन कशाला शिकायचं', म्हणजे लाग्रांज या गणितज्ञाची, गतीचा हिशेब ऊर्जेतून करायची रीत, त्यावर येतोच, पण आधी सांगा, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, कोणाकोणाच्या घरी झोका बांधतात? हात वर करा. बघा, निम्मा वर्ग! म्हणजे निम्म्या वर्गाची प्रयोगशाळा घरच्या निंबावर लटकलेलीय.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला क्लासिकल मेकॅनिक्स होतं. लाग्रांजच्या समीकरणाचं दोन पानी डेरिव्हेशन सर लिहायचे, आम्ही उतरवायचो, परीक्षेत तेच यायचं. मला मार्कही चांगले पडले. मग व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, झोक्यावर बसलेली पोरगी उभी राहिली तर एका झोक्याचा वेळ वाढेल का कमी होईल? मी म्हटलं, दोर तोच, पोरगी तीच, मग वेळही तोच. ते म्हणाले, घरी जाऊन मोज. रागावले नाहीत, पण मला ते फार लागलं, कारण दोन पानं तोंडपाठ होती आणि झोका कळत नव्हता.

आखाजीला गावी गेलो. ताई माहेरी आलेली. फांदीला गोणपाट गुंडाळून त्यावरून नाडा टाकलेला, खाली लाकडी पाट, आणि झोका गेला की गोणपाटाखालून करकर आवाज यायचा. फांदीपासून पाटापर्यंत मोजलं, 5 मीटर. ताईला बसवलं, हलके झोके घ्यायला लावले, हातावरच्या घड्याळात 10 झोके मोजले, 44 सेकंद. उभी राहा म्हटलं, 41! काकू ओट्यावरून ओरडली, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" मी काय सांगणार, मी परत मोजत होतो. परत 41. पाट तिथंच होता, पण ताई उभी राहिली की तिचा गुरुत्वमध्य वर सरकला, म्हणजे लंबकाची लांबी कमी झाली, म्हणून वेळ कमी. लंबकाच्या एका झोक्याच्या वेळेचं सूत्र, टी बरोबर टू पाय रूट एल बाय जी, त्यातला एल म्हणजे लांबी, ती नुसत्या दोराची नसते हे मला त्या दिवशी निंबाखाली कळलं.

मग ताई रंगात आली, झोका पार 60 अंशांपर्यंत नेला, आणि बसूनच 10 झोक्यांना 47 लागले. ते सूत्र काढताना साइन थीटाच्या जागी नुसता कोन थीटा लिहितो ना आपण, लहान कोनासाठी, आणि विसरून जातो? ते 3 सेकंद त्या विसरण्याचे.

चाळीसगावजवळच्या पाटणला गेलायत का? भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला, 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ग्रहाची तात्कालिक गती मांडली, म्हणजे अख्ख्या दिवसाची नाही, त्या क्षणाची. झोका टोकाला थांबतो त्या क्षणी वेग शून्य असतो, प्रवेग मात्र शून्य नसतो. इतका जवळचा विषय आहे हा आपल्याला.

घड्याळ दाखवतायत, तर लाग्रांज पटकन. न्यूटनचं प्रिन्सिपिया 1687 चं, लाग्रांजचं पुस्तक 1788 चं, आणि प्रस्तावनेतच तो लिहितो की यात आकृत्या सापडणार नाहीत. शंभर वर्षं लोकांनी आकृत्या काढल्या, त्यानंतर त्यानं त्या सोडल्या. आपण पहिल्याच दिवशी सोडतो, हे माझं भांडण आहे.

न्यूटनच्या पद्धतीनं झोका सोडवायचा तर दोराचा ताण लिहावा लागतो, आणि तो क्षणाक्षणाला बदलतो. लाग्रांज म्हणतो ताण सोडा, दोराची लांबी पक्की असेल तर तो गतीला काटकोनात असतो, काम करतच नाही. एकच कोन घ्या, गतिज ऊर्जेतून स्थितिज वजा करा, तोच लाग्रांजियन, त्यातून समीकरण हातात. आणि ताई खाली आली की उठते, टोकाला गेली की बसते, तेव्हा लांबी वेळेनुसार बदलते, लाग्रांजियनमध्ये वेळ उघड येतो, मग ऊर्जा कायम राहत नाही, वाढते. कुठून? तिच्या पायांतून. खाली वेग जास्त, म्हणून उठायला जोर जास्त लागतो, टोकाला बसताना तेवढं परत जात नाही, उरलेलं झोक्यात जातं.

बरं, बंद करतो. एक मोजून आणा. दोघी सारख्या उंचीच्या, एकाच पाटावर समोरासमोर उभ्या. वजन दुप्पट, दोर तोच. 10 झोक्यांना किती सेकंद?