सिल्व्रेटा जलाशय: पाणी डाव्या हाताला ठेवून एक फेरी

(दृश्य: खिंडीतून दिसणारा जलाशय, मागे हिमशिखरं)

ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, फोरआर्लबर्ग प्रांतात, सुमारे २०३० मीटर उंचीवर बीलरहोए नावाची खिंड आहे. खिंडीला लागूनच सिल्व्रेटा जलाशय. त्याला पूर्ण वळसा घालणारी पायवाट साधारण ६ किलोमीटरची. मोठी माणसं ती दोन तासांत सहज संपवतात. लहान मुलं बरोबर असतील तर तीन तास हाताशी ठेवा.

एवढ्या उंचीवर असूनही वाटेत दमवणारा चढ नाही, कारण ती पाण्याच्या पातळीला धरून काठाकाठाने जाते. चढायचं काम गाडी आधीच करते. ३४ वळणांचा, टोल भरून जायचा घाटरस्ता थेट खिंडीत आणून सोडतो. हिवाळ्यात तो बर्फामुळे बंद असतो, म्हणून ही फेरी साधारण जून ते ऑक्टोबर या काळातलीच.

पण न दमता वर पोहोचलं की माणूस उंची विसरतो. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत चार पंचमांशच आहे आणि तापमान बारा-तेरा अंशांनी कमी. ऊन थंड वाटतं, तरी त्वचा लवकर भाजते. मोठ्यांसाठी एक लिटर पाणी, मुलांसाठी अर्धा ते पाऊण लिटर, वारा अडवणारं जाकीट आणि हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी, एवढं हवंच. बारीक चाकांची बाबागाडी खडीत रुतते. तान्ह्या बाळाला पाठीवरच्या कॅरियरमध्ये घ्यावं.

(दृश्य: धरणमाथ्यावरून चालणारं कुटुंब)

सुरुवात मोठ्या धरणावरून करा. काँक्रीटची ही भिंत ८० मीटर उंच, ४३२ मीटर लांब आहे. बांधकाम १९३८ साली सुरू झालं आणि १९४८ साली पुरं झालं. मधल्या युद्धकाळात इथे वेठबिगार कामगारांना राबवलं गेलं. या भिंतीवरून चालताना ते माहीत असायला हवं.

जलाशयात ३ कोटी ८६ लाख घनमीटर, म्हणजे ३८६० कोटी लिटर पाणी मावतं. सुमारे २९० मीटर खाली फेरमुंट जलाशय आहे. वरचं पाणी तिथे सोडताना वीज तयार होते आणि गरज पडेल तेव्हा खालचं पाणी पंपाने पुन्हा वर चढवलं जातं. त्यामुळे पातळी सतत खालीवर होत असते. पाणी ओसरलं की काठाला उघड्या दगडमातीचा राखाडी पट्टा दिसतो आणि मुलांना तिथे उतरायचा मोह होतो. उतरू देऊ नका. तो गाळ वरून सुकलेला दिसला तरी खाली ओला असतो, पाय घोट्यापर्यंत आत जातो.

(दृश्य: पश्चिम काठ, दुधाळ हिरवं पाणी)

पाण्याचा हा रंग हिमनदीचा. बर्फाचा प्रचंड थर सरकताना खालचा खडक पिठासारखा दळला जातो. ते पीठ इतकं बारीक असतं की लवकर तळाला बसत नाही, पाण्यात तरंगत राहतं आणि प्रकाश विखुरतं. ओंजळीत घेतलं तर पाणी किंचित गढूळ दिसतं. पिण्यासाठी ते वापरू नये.

पश्चिम काठाने चालत गेलं की क्लोस्टरटाल खोऱ्यातला ओढा लागतो आणि दक्षिण टोकाला इल नदी. दोन्ही पुलावरूनच ओलांडायच्या. सकाळी उथळ वाटणारा प्रवाह दुपारी फुगतो, कारण दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं बर्फ तेव्हा खाली पोहोचतं. सकाळी ज्या दगडावर पाय ठेवता आला, तो दुपारी पाण्याखाली गेलेला असू शकतो.

जूनच्या सुरुवातीला वाटेवर बर्फाचे तुकडे राहिलेले असतात. खालून पाणी वाहत असेल तर असा तुकडा आतून पोखरलेला असतो. पाण्याचा आवाज आला की मुलांना त्यावर पाय ठेवू देऊ नये, सरळ मागे फिरावं.

दक्षिण टोकाला सर्वांत जास्त लोक चुकतात. इथून २४४३ मीटरवरच्या वीसबाडनर हटकडे, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या निवाऱ्याकडे, वाट फुटते आणि पाठीवर मोठ्या पिशव्या घेतलेले गिर्यारोहक तिकडे वळतात. त्यांच्या मागोमाग जाऊ नका. सलग चढ लागला, तर तुम्ही फेरीची वाट सोडलीत. पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते. ती मोठ्यांच्या चालीची असते. मुलांसाठी तिची दीडपट धरा.

याच टोकाला ३३१२ मीटर उंच पिझ बुइनचं शिखर सगळ्यात जवळ असतं. थांबण्यासाठी जागा उत्तम. मात्र मूल थकलं असेल तर निर्णय इथे पोहोचण्याआधीच घ्यायला हवा. टोकाला आलात की पुढे काय नि मागे काय, अंतर तेवढंच. मधून जवळची वाट नाही.

पूर्व काठावर दगडांमधून मार्मोटची, म्हणजे बिळात राहणाऱ्या मोठ्या खारीसारख्या प्राण्याची, शीळ ऐकू येते. त्यांना खायला घालू नये. उन्हाळ्यात कुरणात गाई असतात. वासरू असलेली गाय दिसली तर मधून न जाता लांबून वळसा घ्यावा.

दुपारनंतर ढग चढू लागले तर पाय उचला. विजा चमकत असताना उघड्या धरणमाथ्यावर थांबायचं नाही. पर्वतातल्या बचावपथकाचा क्रमांक १४०. युरोपभर चालणारा ११२ आहेच.

(दृश्य: बील बांध)

शेवटी बील बांध लागतो. पहिल्या धरणाच्या मानाने हा बुटका, २५ मीटरचा, भरावाचा. पण याच्याशिवाय जलाशय टिकला नसता, कारण पाणी या खिंडीतून पलीकडे निसटलं असतं. इल नदीचं पाणी ऱ्हाईनमार्गे उत्तर समुद्राकडे जातं. बांधापलीकडचे ओढे इन आणि डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राकडे. बांधावरून गाड्या दिसल्या की मुलं धावत सुटतात. माथ्यावर धावू द्या, पण खाली लागूनच घाटरस्ता आहे. तिथे पोहोचण्याआधी त्यांचा हात धरा.