क्लॉक टॉवरवरचे व्हाइट

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेले भाषण, वेबसाइटसाठी थोडे संपादित)

नमस्कार मंडळी.

लेस्टरच्या क्लॉक टॉवरखाली आपण सगळेच कधी ना कधी कुणाची तरी वाट बघत उभे राहिलो आहोत. पुढच्या खेपेला जरा मान वर करा. टॉवरवर चार पुतळे आहेत, त्यांतला एक सर थॉमस व्हाइट यांचा. कितीतरी वर्षे मी त्यांच्या समोरून गेले, पण हे गृहस्थ कोण ते ठाऊक नव्हते. कळले तेव्हा मला थेट आमच्या आईची भिशी आठवली.

व्हाइटांचा जन्म १४९२ चा. वडील कापडाच्या धंद्यात. बाराव्या वर्षी पोराला लंडनला ह्यू अ‍ॅक्टन नावाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. १५२० मध्ये अ‍ॅक्टन वारले, तेव्हा मृत्युपत्रात या उमेदवाराच्या नावे १०० पौंड निघाले. त्या भांडवलावर व्हाइटांनी स्वतःचा धंदा उभा केला आणि कापडाच्या व्यापारात अमाप पैसा मिळवला. १५५३ मध्ये ते लंडनचे लॉर्ड मेयर झाले. पुढच्याच वर्षी मेरी राणीविरुद्ध उठलेले वायटचे बंड लंडनच्या वेशीपर्यंत आले, तेव्हा शहर सांभाळले ते यांनीच. १५५५ मध्ये ऑक्सफर्डला सेंट जॉन्स कॉलेज काढले. पुस्तकांत त्यांचे नाव येते ते बहुधा या कॉलेजमुळे.

मला मात्र त्यांची कर्जाची योजना जास्त मोठी वाटते.

१५४२ मध्ये त्यांनी कॉव्हेंट्रीला १,४०० पौंड दिले. त्यातून जमिनी घेतल्या गेल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून कॉव्हेंट्री, नॉर्थम्प्टन, लेस्टर, नॉटिंगहॅम आणि वॉरिक या पाच गावांतल्या तरुणांना पाळीपाळीने बिनव्याजी पैसे मिळू लागले. पुढे एलिझाबेथ राणीच्या काळात, १५६६ मध्ये, हीच कल्पना त्यांनी ब्रिस्टल शहरामार्फत देशभर नेली. हिशोब बघा. दर वर्षी एका ठिकाणाला १०४ पौंड. त्यांतले १०० चार होतकरू तरुणांना, प्रत्येकी २५, दहा वर्षांसाठी, व्याज नाही. वरचे ४ पौंड तिथल्या कारभाऱ्यांच्या खटपटीसाठी. पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्या गावाची. यॉर्क, एक्सेटर, नॉर्विच, बाथ अशी २४ ठिकाणे. फेरी पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. दहा वर्षांनी फिटलेले पैसे त्याच गावात दुसऱ्या चौघांना द्यायचे. म्हणजे २४ वर्षांनी पुढची पाळी येईपर्यंत गावाची आधीची गंगाजळी शाबूतच.

चार पंचवीस शंभर. अ‍ॅक्टनने दिले होते तेवढेच. त्यांनी हे मनात धरून केले का, ते मी सांगू शकत नाही. पण मला ते शंभर दिसतात.

सगळे सुरळीत चालले असे नाही. जमिनींचे उत्पन्न वाढले तेव्हा वाढीव पैसा कुणाचा यावरून गावे कोर्टात गेली. बिचाऱ्या व्हाइटांचाही शेवटी कापडाचा धंदा बसला. मूलबाळ नव्हते. फेब्रुवारी १५६७ मध्ये, मरणाच्या थोडे आधी, त्यांनी कॉलेजातल्या मंडळींना पत्र पाठवले : भावांसारखे राहा, तंटा झाला तर मिटवा, आणि या पत्राची एकेक प्रत प्रत्येकाने जवळ ठेवा.

लेस्टरचा हा फंड आजही चालू आहे. शिक्षणासाठी, धंद्यासाठी तरुणांना बिनव्याजी कर्ज मिळते. आपल्या मुलांनी जरूर चौकशी करावी.

आता घरचे सांगते. मी नवी नवी इथे आले तेव्हा खोलीच्या डिपॉझिटला पैसे नव्हते. मंडळातल्या एका काकूंनी पाकीट हातात ठेवले. सहा महिन्यांनी परत द्यायला गेले, तर त्यांनी चष्मा लावून नोटा मोजल्या, निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि माझ्या नावावर रेघ मारली. त्याच्याखाली पुढचे नाव आधीच लिहिलेले होते. त्या संध्याकाळी तेच पाकीट त्या मुलाकडे गेले. त्या वेळी मला वाटले होते, काकू स्वभावाने मोठ्या. पण ती नुसती माया नव्हती, काकूंच्या मागे पक्का हिशोब होता.

काकू गेल्या. या वर्षी भारतातून शिकायला आलेली पाच-सहा मुले आज इथे बसली आहेत. पहिल्या महिन्याचे भाडे आणि डिपॉझिट एकदम भरताना काय होते ते त्यांना विचारा. कार्यकारिणीने बिनव्याजी फंड सुरू करायचे ठरवले आहे. हिशोब दर तिमाहीला सर्वांपुढे ठेवला जाईल, कारण कोर्टात गेलेल्या त्या गावांची गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे आहे. काकूंच्या मुलीने ती निळी वही आज आणली आहे. ती फराळाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे, तिची मागची बरीच पाने कोरी आहेत. ज्यांना पैसे घालायचे आहेत त्यांनी डावीकडे नाव लिहा, ज्यांना हवे आहेत त्यांनी उजवीकडे. पेन दोऱ्याने बांधलेले आहे.