उरलेले तीन कोपरे

नमस्कार श्रोतेहो.

गादीखाली चादर खोचायचं काम मी आजवर किती वेळा केलं असेल, त्याची मोजदाद नाही. एका हातानं गादीचा कोपरा उचलायचा, दुसऱ्यानं चादर आत सारायची. त्या दिवशी उचललेला कोपरा उजव्या हातातून सटकला आणि तो सावरायला हात आपसूक पुढे गेला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला जी चमक निघाली, ती थेट मनगटापर्यंत. दोन मिनिटं तशीच पलंगावर बसले, हात झटकून पाहिला, आणि हे सांगायला आज लाज वाटते, उठून उरलेले तीन कोपरे त्याच हातानं खोचले.

गादीनं जेवढं दुखावलं, जवळजवळ तेवढंच त्या तीन कोपऱ्यांनी दुखावलं असणार, असं माझं मत आहे. खेळाडूचा हात असा गेला तर तो मैदानाबाहेर येऊन बसतो. घरातलं माणूस बसत नाही. घरकाम करताना लागलेलं आपण लागलं असं धरतच नाही ना! ‘कशानं झालं?’ असं कुणी विचारलं तर ‘चादर घालताना’ म्हणायलासुद्धा संकोच वाटतो.

खरं तर हाताची रचना पाहिली की यात नवल काही नाही. कोपर वाकवणारा दंडाचा स्नायू पुढच्या हाडाला जोडलेला असतो, तो सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर. आणि ओझं असतं तळहातात, सुमारे ३०-३५ सेंटिमीटर लांब. त्यामुळे कोपर काटकोनात वाकवून हातात ५ किलो धरले, तर तो भार पेलायला स्नायूंना त्याच्या सात-आठ पट जोर लावावा लागतो. त्यातून स्नायू आवळलेला असतानाच बाहेरून हिसका बसून तो ताणला गेला, की त्याचे तंतू तुटतात. सटकलेली गादी, हातातून निसटणारी बादली, अडकलेला आणि एकदम सुटलेला ड्रॉवर, सगळीकडे हीच गोष्ट घडते.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे हातातलं काम तिथंच टाकायचं. दुसरं, बोटातली अंगठी, मनगटावरचं घड्याळ लगेच काढायचं. सूज चढल्यावर अंगठी निघत नाही आणि मग ती कापावी लागते. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवायचा, थेट कातडीवर नाही. १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि हात उंच ठेवणं, असं चार गोष्टींचं सूत्र मांडलं, ते जगभर गेलं. पुढे त्यांनीच सांगितलं, की बर्फानं दुखणं कमी होतं, पण भरून येणं लांबूही शकतं. तेव्हा बर्फ वेदनेपुरता, दिवसभर नको. आणि पहिले दोन दिवस शेक नको, चोळणं तर मुळीच नको. घरात कुणीतरी मायेनं तेलाची वाटी घेऊन येतंच, त्यांना प्रेमानं परत पाठवा.

आता हे मात्र नीट ऐका. हात वाकडा दिसतोय, हाडावर बोट ठेवलं तरी कळ येतेय, बोटं बधिर किंवा गार पडलीत, तर घरगुती उपाय बाजूला ठेवा. नखावर दाबून सोडा. पांढरं झालेलं नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. नाही झालं तर तडक दवाखाना गाठा. जड वस्तू उचलताना कोपरापाशी ‘टक्’ असा आवाज झाला आणि दंडाचा गोळा वर सरकल्यासारखा दिसला, तर शिर, म्हणजे रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, तुटलेली असू शकते. तिथे शस्त्रक्रिया करायची ठरली तर ती दोन-तीन आठवड्यांच्या आत केलेली बरी, म्हणून ‘बघू, उतरेल’ म्हणत बसू नका. आणि काही लागलेलं नसताना हात दुखतोय, सोबत छातीवर दडपण, घाम, धाप असेल, तर ते हाताचं दुखणं नव्हेच. रुग्णवाहिका बोलवा.

माझ्या हाताचं हाड शाबूत निघालं. खरी परीक्षा पुढे होती, एका हाताचा संसार! कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आपण काहीही मुठीत धरताना मनगट स्थिर ठेवतात. त्यामुळे ओझं उचलताना दुखणार हे ठाऊक होतं, पण टूथपेस्ट पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना, कप कानाला धरून उचलतानाही कळ यायची. मग हळूहळू युक्त्या सुचल्या. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. भांडं सरकू नये म्हणून त्याखाली ओलं फडकं. बरणीचं झाकण डाव्या हातानं फिरवायचं, बरणी दोन गुडघ्यांत धरून. यात शोभा नाही, पण झाकण उघडतं. वस्तू उचलायचीच झाली तर तळहात वरच्या बाजूला आणि कोपर अंगाशी.

झोळीचंही सांगते. हात कोपरापेक्षा किंचित वर राहील अशी ती बांधायची. पण हाड मोडलेलं नसेल, तर डॉक्टरांना विचारून ती दिवसातून चार-पाचदा काढायची, बोटं, मनगट, खांदा हलवायचा. मी पहिल्या आठवड्यात आराम म्हणून हात गळ्यातच ठेवला, आणि कोपराऐवजी खांदा धरला. स्नायूंचे तंतू थोडे तुटले असतील तर दोन-तीन आठवड्यांत बरं वाटतं. शिरेला इजा असेल तर सहा ते बारा आठवडेही लागतात. मधेच एखादा दिवस दुखत नाही, आणि नेमका त्याच दिवशी माणूस कपाट सरकवायला जातो.

पाचव्या आठवड्यात किल्ली उजव्या हातानं फिरली. झाकण अजून डाव्याच हातानं उघडते. आणि चादर? ती आता आम्ही दोघं मिळून घालतो. एकानं गादी धरायची, दुसऱ्यानं खोचायची.

नमस्कार.