शिवणाच्या खोलीतली मोठी इस्त्रीची फळी

नमस्कार ताई, वहिनी, काकू, आणि ऐकत असलेल्या टेलरदादांना पण नमस्कार.

घरी ब्लाऊज, फॉल-पिको, नऊवारी शिवणाऱ्या बायका आपल्या सांगलीत गल्लोगल्ली आहेत, मी पण त्यातलीच, आणि बहुतेक घरात मशीन चांगली असते, कात्री चांगली असते, पण इस्त्री मात्र कॉटवर चादर टाकून. कॉटची गादी मऊ, इस्त्री दाबली की कापडच खाली जातंय, मग शिलाई बसणार कशी? आणि इस्त्री काय ब्लाऊज पूर्ण झाल्यावर फिरवायची गोष्ट नाही, टक्स म्हणजे फिटिंगची चुणी घातली की दाब, कटोरी म्हणजे छातीचा गोल भाग जोडला की दाब, अस्तर पलटलं की दाब, तेव्हा कुठे ते फिटिंग अंगावर बसतंय. बाजारातला घडीचा स्टँड एका टोकाला निमुळता, साडी त्यावरून सारखी घसरते.

जुने टेलर जमिनीवर वाकळ अंथरून इस्त्री करायचे, ती जागा एकदम बरोबर होती बघा, सपाट, टणक, मोठी. फक्त गुडघे आणि कंबर जायची. म्हणून मी एवढंच केलं की मोठी फळी करून ती वाकळ कमरेपर्यंत वर उचलली.

माप सांगते. साडीचा पन्हा म्हणजे रुंदी साधारण ४५ इंच, म्हणून फळी लांबीला ५ फूट घ्या, साडी काठापासून काठापर्यंत आडवी मावते आणि बाजूला इस्त्री टेकवायला पण जागा राहते. रुंदी अडीच फूट पुरे, त्यापुढे हात पोचत नाही. टिंबर एरियात ८ बाय ४ चं प्लायवूड मिळतं, पाऊण इंच जाडीचं घ्या आणि तिथंच कापून घ्या. उरलेल्या प्लायमधून बाहीत घालून इस्त्री करायला दीड फुटाची अरुंद पट्टी काढायला विसरू नका. सनमायका लावलेलं नको, वाफ आत कोंडते. भुशाचा बोर्ड तर नकोच, ओल लागली की फुगतोय.

आता वर काय घालायचं, इथं लोक चुकतात. फोम नाही, पॉलिस्टरची गादी नाही, गरम इस्त्रीखाली ती चिकट होऊन बसते. मी घोंगडं घातलं. आपल्या आटपाडी, जतकडच्या धनगरांच्या मेंढ्यांची लोकर ती, वितळत नाही, वाफ पिऊन घेते, आणि दुहेरी घडी घातली की हवा तेवढाच टणकपणा राहतो. पण आधी चांगलं धुवा, कारण घोंगड्याला विणताना चिंचोक्याची खळ असते. घरात जुनं कापड असेल आणि कसलं आहे कळत नसेल तर एक दोरा काढून जाळून बघा, सुती असेल तर कागदासारखा वास आणि राख, लोकर असेल तर केस जळाल्याचा वास, आणि टोकाला कडक गोळी झाली तर ते पॉलिस्टर, ते बाजूला ठेवा.

सगळ्यात वर मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड. ते पण आधी गरम पाण्यातून काढा, नाहीतर नंतर आटतंय आणि त्यातली खळ इस्त्रीनं पिवळी पडते. रंगीत कापड घालू नका, वाफेनं रंग गिऱ्हाइकाच्या साडीला लागला तर काय सांगणार? इस्त्रीच्या स्टँडवर असतं तसलं चांदीच्या रंगाचं कव्हर मला पटत नाही, वाफ खाली जातच नाही, कापड ओलं राहतं.

जमिनीवर मांजरपाट, त्यावर घोंगडं, त्यावर फळी उलटी, कापडाच्या कडा फळीच्या मागच्या बाजूवर वळवायच्या, आणि स्टेपलर गननं आधी चारी बाजूंच्या मधोमध एकेक पिन, मग मधून टोकाकडे ताणत जायचं, कोपरे शेवटी.

उंची आपल्या अंगाप्रमाणे. उभं राहून हात कोपरात वाकवा, कोपराच्या चार-पाच इंच खाली फळी आली पाहिजे. मी ५ फूट १ इंच, माझी ३४ इंचावर आहे. खाली लोखंडी अँगलचा घोडा म्हणजे उभा स्टँड करून घेतला, पण फळी त्याला स्क्रूनं बांधली नाही, नुसती ठेवली. २०१९ च्या महापुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी आलं आणि भिंतीला ठोकलेलं कटिंग टेबल काढताच आलं नाही, फुगून वाया गेलं. ही फळी दोघी मिळून जिन्यानं वर नेतो.

वायरचं पण बघा. हजार वॅटची साधी इस्त्री चार-साडेचार अँपिअर घेते, पण मोठी स्टीम इस्त्री दोन हजार वॅटच्या पुढची असेल तर ९ अँपिअरच्या आसपास, तिला १६ अँपिअरचाच पॉइंट पाहिजे. बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावू नका, तापतंय.

आरी वर्कचं, म्हणजे मणी लावून भरतकाम केलेलं ब्लाऊज असेल तर फळीवर जाड टॉवेल टाका आणि भरतकामाची बाजू खाली करून उलट्या बाजूनं दाबा, मणी टॉवेलात रुततात, चेपत नाहीत. आणि पावसाळ्यात काम संपलं की फळी रात्रभर भिंतीला उभी करून ठेवा, घोंगड्यात गेलेली वाफ सकाळपर्यंत सुकून जाते.