पेर: बोटातलं, उसातलं आणि महाभारतातलं

माईक येतोय ना मागे? बरं. विषय छोटासाच आहे, पेरभर, पण मी कधी पेरभरात आवरलंय असं कुणाला आठवतंय का, नाही ना, मग बसा आरामात.

आधी माझी तक्रार ऐका. मध्यंतरी उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं मधलं पेर सुजलं. दवाखान्यात गेलो तर तिथला तरुण मुलगा विचारतो, काका, पीआयपी की डीआयपी? म्हणजे बोटाचा मधला सांधा की टोकाजवळचा, हे मला नंतर कळलं. म्हटलं बाबा रे, मधलं पेर. म्हणजे? आता हे बोट एकटं उभं करून दाखवायचं म्हणजे पंचाईत, काउंटरवरच्या बाई बघत होत्या. दाखवलं. घरी येऊन भावाला फोनवर बोलून मेसेज टाकला, ‘मधलं पेर दुखतंय’, तर फोनने लिहिलं ‘मधला पेरू दुखतोय’. लिंगासकट सुधारून दिलं हो! भावाचं उत्तर, मग खाऊ नकोस. हसा हसा, पण चोवीस तास हाताला चिकटलेल्या वस्तूचं नाव ना दवाखान्याला कळतं ना फोनला, याचा मला खरंच राग येतो.

आता सगळ्यांनी एक हात वर करा. शपथ नाही घ्यायचीय, नुसतं बघायचंय. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, झाली बारा. अंगठ्याने मोजत गेलात की एका हातावर डझन, आणि प्रत्येक डझनाला दुसऱ्या हाताचं एक बोट मिटलंत की पाच डझन, साठ. अंगठ्याला हाडं दोनच, म्हणून हाताला एकूण चौदा. आणखी एक गंमत. तेच बोट तळव्याकडून बघा, मग उलटं करून मूठ वळून बघा. मागून लांब दिसतं ना? कारण तळव्याकडची बुडाची घडी सांध्यावर नसतेच, ती पहिल्या हाडाच्या साधारण मध्यावर असते. खरा सांधा मागे, मुठीच्या उंचवट्यात. ओ, बोटं मोडू नका, आवाज येतोय इथपर्यंत! मोडा खरं तर, डोनाल्ड उंगर नावाचे एक डॉक्टर साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडत राहिले, उजव्याची नाही, आणि संधिवात दोन्हीकडे नाही. 2009 साली इग नोबेल मिळालं त्यांना, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस. एकाच माणसावरचा प्रयोग, पण चिकाटी बघा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो मुख्य विषय राहिलाय!

तर पटापट. पेर म्हणजे सांधा की दोन सांध्यांमधला तुकडा? दोन्ही. ‘पेरात ठणकतंय’ म्हणतो तेव्हा सांधा, ‘वरचं पेर कापलं’ म्हणतो तेव्हा तुकडा. हा आपला गबाळेपणा नाही, संस्कृतातला ‘पर्वन्’ तसाच आहे, गाठही तोच आणि गाठींमधला भागही तोच, मग तो उसाचा असो, बांबूचा असो की बोटाचा. त्यातूनच आपलं पेर. महिन्याच्या गाठी म्हणजे अमावास्या-पौर्णिमा, तेही पर्व, आणि तिथूनच पर्वणी. गाठीगाठींचा तो पर्वत. महाभारताची 18 पर्वं म्हणजे 18 पेरंच की! आणि रामायण? त्याची सात कांडं, आता कांडं कशाचं असतं, उसाचंच ना, तेही पेरापेरामधलंच. म्हणजे दोन्ही महाकाव्यांचे तुकडे पाडताना शब्द घेतला तो झाडाच्या दांड्यावरून. आता टीव्हीवर ‘पर्व दुसरं’ असतं आणि पेपरात नुसतं कांड असतं, त्यावर मी वेगळं व्याख्यान देईन.

हो हो, उठतो. पेरणीचं विचारताय? दाणे पेरतो ते ‘पेर’ वेगळं, त्याचा बोटाशी संबंध लावू नका, चहाच्या वेळी भेटा, सांगतो.