जमीन हवेत विरली, तिथलं रान

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडमध्ये पीटरबरो शहराच्या दक्षिणेला होम फेन नावाचं एक राखीव रान आहे. तिथे झाडांत एक लोखंडी खांब उभा आहे. १८५१ साली तो पुरला, तेव्हा त्याचा माथा जमिनीला समतल होता. आज तो माथा जमिनीपासून सुमारे ४ मीटर वर आहे, म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीहूनही जास्त! खांब जागचा हललेला नाही. खालच्या चिकणमातीत ठोकलेल्या ओकच्या मेढींवर तो पक्का बसवलाय. खचली ती भोवतालची जमीन.

ही जमीन पीटची. पाण्यात बुडालेलं शेवाळ आणि लव्हाळी हवेअभावी पुरती कुजत नाहीत; हजारो वर्षं थरावर थर साचत जातात. शेजारीच व्हिटल्सी मिअर नावाचं विस्तीर्ण तळं होतं. शेतीसाठी ते उपसायचं ठरलं, आणि लंडनच्या १८५१च्या महाप्रदर्शनात गाजलेल्या पद्धतीचा पंप इथे आणला. पाणी ओसरताना गाळात मध्ययुगीन मठातलं चांदीचं धूपपात्र सापडलं. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. खांबाचा हेतू मात्र साधा होता: जमीन किती बसते ते मोजायचं. पाणी गेलं की पीट आधी आकसतं. मग हवा शिरते, सूक्ष्मजीव ते खाऊ लागतात आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. तिथली जमीन अक्षरशः हवेत विरली. आता हा परिसर समुद्रसपाटीहून जवळजवळ पावणेतीन मीटर खाली आहे, ब्रिटनमधला सर्वांत सखल.

जिथे शेतीचा जम बसला नाही, तिथे बर्च आला. काश्मिरातल्या जुन्या पोथ्या ज्याच्या सालीवर लिहिल्या, त्या हिमालयी भूर्जाचा हा भाऊबंद. बी इतकं हलकं की वाऱ्यावर कुठेही जातं, आणि आम्ल माती त्याला चालते. ब्रिटनच्या सखल भागातलं रुपेरी बर्चचं हे सर्वांत मोठं रान मानतात. शरद ऋतूत बुंध्यांपाशी पांढऱ्या ठिपक्यांच्या लाल विषारी अळंब्या उगवतात. हिवाळ्यात सिस्किन पक्ष्यांचे थवे बिया टिपायला येतात.

पण गोम अशी की हे देखणं रान मुळात एका नुकसानीवर उभं आहे. उरलेलं पीट वाचवायचं तर पाणी पुन्हा अडवायला हवं; आणि पाणी चढलं की बर्चची मुळं गुदमरतात. ग्रेट फेन प्रकल्पात हे रान आणि जवळचं वुडवॉल्टन फेन यांच्यामधली शेतं घेऊन तिथे पाणी वाढवणं चाललंय. काही झाडं गेली तरी चालतील, माझं मत पाण्याच्याच बाजूने आहे. बर्च पुन्हा उगवेल, वीस-पंचवीस वर्षांत डोक्यावर जाईल. पीटचा एक मीटर थर साचायला मात्र साधारण हजार वर्षं लागतात.

तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी एक करावं. लंडनहून एडिनबराच्या गाडीत बसलात, तर पीटरबरो यायच्या थोडं आधी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघा. ते रूळही याच दलदलीवरून गेलेत; टाकताना खाली झुडपांच्या मोळ्या अंथराव्या लागल्या होत्या.