केक समोर नव्हतेच, तरी रंगवले!

आधी हे चित्र नीट बघून घ्या, मग बोलते. तेरा केक आहेत, प्रत्येक आपापल्या स्टँडवर, खाली निळसर सावल्या, बाकी टेबल नाही, माणसं नाहीत, काहीच नाही. वेन टीबो नावाच्या अमेरिकन चित्रकाराने हे १९६३ मध्ये रंगवलं, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. आणि मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये, हे केक त्याच्यासमोर नव्हतेच! आठवणीतून काढलेत सगळे.

आता आठवण कुठली, तर टीबो लहानाचा मोठा झाला कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला, आणि पोरवयात तिथल्या एका कॅफेत कामाला होता, नाव माईल हाय अँड रेड हॉट, म्हणजे माईल हाय ते आइस्क्रीम आणि रेड हॉट ते हॉट डॉग. काउंटरच्या आत उभं राहणाऱ्या पोराला खाऊची चव आठवेलच हो, पण मला वाटतं त्याहून जास्त ती मांडणी आठवते, एकाशेजारी एक ठेवलेले तुकडे, काच, वरून पडणारा लख्ख उजेड. म्हणूनच त्याच्या चित्रात केक कुणी खाताना दिसत नाही, तो मांडून ठेवलेला असतो, वाट बघत.

आता जरा झूम करते. रंग इतका जाड लावलाय की क्रीमच वाटतं, आणि ब्रश केकच्या कडेने गोल फिरवलाय, आयसिंग करताना सुरी फिरवतात ना अगदी तसाच. कडांना बघा, नारिंगी, निळ्या, हिरव्या बारीक रेघा आहेत, लांबून त्या वेगळ्या कळत नाहीत पण त्यांच्यामुळेच वस्तू उजेडात उभी असल्यासारखी झगमगते.

१९६२ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं प्रदर्शन गाजलं, त्याच वर्षी अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराची सूपच्या डब्यांची चित्रंही आली, मग लोकांनी दोघांनाही पॉप आर्टमध्ये, म्हणजे दुकानातल्या, जाहिरातीतल्या रोजच्या वस्तू चित्रात आणणाऱ्या शैलीत बसवलं, टीबोला स्वतःला ते लेबल पटायचं नाही. मलाही नाही पटत. डबा जसा छापलेला तसा दाखवणं वेगळं, आणि पंचवीसेक वर्षांपूर्वीचा काउंटर हाताने क्रीम लावत लावत परत उभा करणं वेगळं, यात माया आहे हो!

तुम्हीही लहानपणचा एखादा खाऊ रंगवणार असाल तर लगेच फोटो शोधू नका, आधी डोळे मिटून तो कशात ठेवलेला असायचा आणि उजेड कुठून यायचा तेवढं आठवा, आणि तिथूनच पहिला ब्रश मारा.